तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेक्स घालू की जेलीफिन?

कुणाच्या घरी जुना पीसी रिकामा झाला की हा प्रश्न हमखास येतो. 'हार्ड डिस्कवरचे सिनेमे, लग्नाच्या कॅसेटी, नाटकांच्या सीड्या, सगळं एका जागी ठेवायचंय आणि टीव्ही, फोन, टॅब कुठेही बघायचंय. सॉफ्टवेअर कोणतं घालू?' प्लेक्स आणि जेलीफिन ही त्यासाठीचीच दोन सॉफ्टवेअरं; ती घातलेला पीसी घरातला 'सर्व्हर' होतो आणि व्हिडिओ बाकीच्या यंत्रांना पोचवतो. त्यावर मी आधी विचारतो, घरातला सगळ्यात जुना टीव्ही कोणता आणि त्याचा रिमोट कुणाच्या हातात असतो? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतोय. पण निवड तिथेच ठरते.

टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालवता आली, तर सर्व्हरला ती नुसती पोचवायची असते; तेवढं काम जुनापुराणा पीसीही करतो. नाही आली, तर चालू सिनेमा तिथल्या तिथे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून द्यावा लागतो. हेच ट्रान्सकोडिंग, आणि पंखा घोंघावतो तो इथे. कारणं फुटकळ असतात. सॅमसंगने २०१८पासूनच्या टीव्हींतून डीटीएस नावाच्या आवाजाच्या फॉरमॅटची सोय काढली, त्यामुळे चित्र ठीक, पण आवाज बदलावा लागतो. त्याचा भार फारसा नाही. ब्लू-रेवरून आलेली सबटायटलं मात्र अक्षरं नसून चित्रं असतात. ती लावली की बऱ्याच टीव्हींसाठी सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती छापत बसतो. तीच एसआरटी म्हणजे साध्या अक्षरांच्या फाइलमध्ये असली तर प्रश्नच नाही. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर सिनेमा थेट जातोय की ट्रान्सकोड होतोय आणि कशामुळे, हे लिहून येतं. अडखळलं की आधी ते बघा. लोक उगाच राउटर बदलतात.

प्लेक्सची ॲप्स जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर मिळतात आणि देखणी आहेत. रिमोट सासूबाईंच्या हातात असेल तर मी बिनदिक्कत प्लेक्स सांगतो. पण त्याला खातं लागतं, ग्राफिक्स चिपकडून ट्रान्सकोडिंग करून घ्यायला पैसे मोजावे लागतात, आणि एप्रिल २०२५च्या अखेरीपासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही. त्याच वेळी या सोयी कायमच्या देणारा आजीवन पास १२० डॉलरवरून २५० वर गेला.

जेलीफिनचा जन्मच अशा चिडीतून झाला. एम्बी नावाच्या सर्व्हरने २०१८च्या शेवटी आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणं बंद केलं, तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली. सगळं फुकट, खातं आपल्याच मशीनवर. इंटेलच्या साध्या एन१०० चिपवाल्या मिनी पीसीवरही ते मजेत चालतं. कच्चा दुवा ॲप्सचा. सॅमसंगच्या टीव्हीवर ते चढवणं कित्येक वर्षं खटपटीचं काम होतं. मी सरळ टीव्हीमागे अँड्रॉइडचा डबा किंवा फायर स्टिक लावायला सांगतो. टीव्हीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरशी झगडण्यात अर्थ नाही.

आता नाटकांच्या सीड्या. व्हीसीडी उघडली की आत डॅट फाइल निघते, चित्र ३५२ बाय २८८. ती एमपीईजी-१ या जुन्या फॉरमॅटची असते आणि ब्राउझर तिला हातही लावत नाहीत. रोज बदलत बसण्यापेक्षा एकदाच एच.२६४ या फॉरमॅटमध्ये करून ठेवा. दुसरं म्हणजे, नाटकं आणि घरचे व्हिडिओ सिनेमांच्या लायब्ररीत टाकू नका. सर्व्हर नावावरून इंटरनेटवर पोस्टर शोधतो आणि काकांच्या मुंजीला कुठल्याशा परदेशी मारधाडपटाचं चित्र डकवून मोकळा होतो. त्यांच्यासाठी 'होम व्हिडिओ' प्रकारची वेगळी लायब्ररी करा. सिनेमांना फोल्डरचं नाव आणि कंसात वर्ष दिलं की बहुतेक मराठी सिनेमे बरोबर ओळखले जातात.

आणि ज्यांची मुलं बाहेरगावी किंवा परदेशी आहेत, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: त्यांना तिकडून दिसेल का? आपल्याकडे बरेच इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडूनही काही घडत नाही.  उघडता आला तरी उघडू नका. दोन्हीकडे टेलस्केल हे खाजगी नेटवर्क जोडणारं ॲप घाला. मुलांचा फोन घरच्याच नेटवर्कमध्ये असल्यासारखा वागतो. मग अडसर उरतो तो आपल्या अपलोड स्पीडचा. तेव्हा दर्जा ७२०पीवर आणून ठेवा. मुंजीच्या व्हिडिओला तेवढा पुरून उरतो.