एक शेवटून वाचायचं, दुसरं शेवट झाकून

झोपण्याआधी हातात घ्यायच्या पुस्तकांत दोन जाती कायम खपतात. एक 'नीट खा, हलके व्हा' सांगणारी, दुसरी भुताला हाताशी धरून खुनी शोधणारी. दोन्हींचं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. वजन उतरवण्यावरची पहिली गाजलेली पुस्तिका १८६३ साली लंडनच्या विल्यम बॅन्टिंगनं लिहिली, आणि बॅन्टिंगचा धंदा होता अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून साधारण वर्षभरात वीसेक किलो उतरवले, एवढंच त्याचं म्हणणं. त्यावरून त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिशमध्ये डाएट करण्याला आजही 'बान्टा' म्हणतात.

दोन्ही जातींची पुस्तकं शेवटी उलगडा होईल या आशेवर वाचली जातात. वाचायची रीत मात्र अगदी उलटी. आहाराचं पुस्तक मागून उघडावं. रहस्यकथेचं मागचं पान चुकूनही दिसू देऊ नये.

आहाराच्या पुस्तकात मागे संदर्भांची यादी असते. ती नसेल तर पुस्तक करमणूक म्हणून वाचावं, त्यातही मजा असतेच. असेल तर चार-पाच नोंदी सहज तपासाव्यात. अभ्यास माणसांवरचा की उंदरांवरचा? किती जणांवर आणि किती आठवडे? लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं होतं, की नुसतंच 'गेल्या वर्षी काय खाल्लंत' असं विचारून प्रश्नावली भरून घेतली होती? प्रश्नावलीतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच कळतं. सॅलड खाणारे बहुधा चालतातही जास्त आणि सिगारेट ओढतातही कमी, मग श्रेय कुणाचं ते ठरवणं अवघड जातं. आणि निम्म्या नोंदी लेखकाच्याच आधीच्या पुस्तकांकडे बोट दाखवत असतील तर काय समजायचं ते समजावं.

'धोका निम्म्यावर येतो' हे वाक्य दिसलं की 'कितीवरून कितीवर' हे विचारायचं. शंभरात दोघांना होणारा आजार एकाला झाला तरी तो निम्माच, आणि शंभरात चाळीसवरून वीसवर आला तरी निम्माच. मुखपृष्ठावर दोन्ही सारखेच दिसतात.

मग सरळ 'सात दिवसांचा आराखडा' असलेल्या पानांवर जावं. त्यातला एक दिवस निवडून बेरीज करावी. प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅमला ९, मद्यार्काच्या ग्रॅमला ७. समजा दिवसभरात ७० ग्रॅम प्रथिनं, ११० ग्रॅम कर्बोदकं आणि ५० ग्रॅम स्निग्धांश भरले. २८०, ४४० आणि ४५०, एकूण ११७०. म्हणजे 'पोटभर खा, मोजू नका' म्हणणाऱ्या पुस्तकानं गुपचूप मोजून दिलंय, आणि वजन उतरतंय ते या ११७० मुळे. पाचव्या प्रकरणातल्या त्या दुर्मीळ बियांचा त्यात फारसा हात नाही.

पहिल्या आठवड्यातल्या चमत्काराचंही असंच आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी त्यात थोडीच असते. दहाव्या दिवशी नेहमीचं जेवण झालं की पाणी परत येतं. वाचक स्वतःला दोष देतो, पुस्तक मात्र सुटतं.

पाककृतींत घोटाळा होतो तो मापांचा. कपभर मैदा १२० ते १३० ग्रॅम, कपभर साखर २०० ग्रॅम, आणि कपही कुठे २४० मिलीचा, कुठे २५० चा. धान्याचं वजन कच्चं की शिजवलेलं हे लिहिलेलं नसेल तर आकडा निरुपयोगी, कारण तांदूळ शिजला की अडीच-तीन पट भरतो. सगळ्यांत लबाड शब्द म्हणजे 'थोडंसं तेल'. १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० कॅलरी असतात. बाटली तिरकी करून ओतलेलं 'थोडंसं' सहज दोन चमचे भरतं.

साखरेला पर्याय म्हणून मध किंवा फळांचा रस सुचवला असेल तिथे पेन्सिलीनं खूण करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध, सरबतं आणि रस हे सगळं मुक्त साखरेतच धरलेलं आहे. मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत, असं ती संघटना सांगते. 'साखरमुक्त' म्हणून छापलेला केक मधातच बुडालेला असतो.

'शरीरातली विषं बाहेर काढा' हे प्रकरण आलं तर त्या विषाचं नाव शोधावं. नाव नसेल, मोजायची पद्धत नसेल, तर ते प्रकरण दुसऱ्या कपाटातलं आहे, भुतांच्या.

'२१ दिवसांत सवय' हाही असाच हिंडणारा आत्मा. मूळ वाक्य १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं लिहिलं. शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला 'किमान' गळाला आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक १८ ते २५४ दिवसांचा फरक.

काही वाचकांनी मात्र कुठलाही आराखडा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कर्बोदकं तोडली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन हे औषध घेणाऱ्यानं अचानक हिरव्या पालेभाज्यांचे ग्लास रिचवले तर जीवनसत्त्व के वाढून औषधाचा असर कमी होतो. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमनं भरलेले रस अपायकारक ठरू शकतात. गरोदरपणातही आधी डॉक्टरांनाच विचारावं.

आता दुसरं कपाट. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश रहस्यकथाकारानं रहस्यकथेचे दहा नियम घातले. त्यातल्या दुसऱ्यानं भूतखेतांना सरळ दाराबाहेर काढलं. त्यांना आत घेणारी रहस्यकथा म्हणूनच मोठी जबाबदारी घेते. खून झालेला माणूसच भूत होऊन समोर उभा असेल तर पहिल्याच पानावर 'तुला कुणी मारलं?' विचारून गोष्ट संपायला हवी. ती का संपत नाही, यावर लेखकाची लायकी ठरते. भुताची स्मृतीच गेली, ही सर्वांत आळशी पळवाट. वार मागून झाला किंवा विषाचा असर काही तासांनी झाला म्हणून त्यालाच ठाऊक नाही, हे बरं. भूत खोटं बोलतंय, हे सर्वांत चांगलं, आणि तसं लिहिणारे कमी.

वाचताना पहिल्या पन्नास पानांत तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: भूत कुणाला दिसतं, वस्तू हलवू शकतं का, आणि कुठपर्यंत जाऊ शकतं. शेवटच्या झटापटीत त्याला अचानक चौथी शक्ती आली तर ती फसवणूक. दुसरी कसोटी पुराव्याची. भुताची साक्ष कोर्टात चालत नाही, म्हणून खुनी कळल्यावरही एक पावती, एक किल्ली, एक खोटी वेळ, असं काहीतरी हाताला लागणारं मिळवावंच लागतं. चांगल्या कादंबरीत भूत दिशा दाखवतं, पण पुरावा माणसालाच शोधावा लागतो. थंड झुळूक आणि गुरगुरणारं मांजर ही नेपथ्याची सामग्री. त्यावर वेळ दवडू नये.

भूत शेवटी भूत निघत नाही, असंही पुष्कळदा असतं. तिथे लेखकाचा गृहपाठ तपासायला मजा येते. कार्बन मोनॉक्साइडनं झपाटलेल्या घराची नोंद १९२१ साली नेत्रविकारांच्या एका अमेरिकन नियतकालिकात आली होती. दोष निघाला घर गरम ठेवणाऱ्या भट्टीत. या वायूच्या बाधेत घरातल्या सगळ्यांचीच डोकी दुखतात, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. हे दोन धागे आधी पेरलेले नसतील तर शेवटचा उलगडा उपरा वाटतो. निद्रापक्षाघाताचं तर हमखास चुकतं. त्यात जाग असते, डोळे हलवता येतात, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, पण हातपाय हलत नाहीत, आणि सारं काही सेकंदांत किंवा थोड्या मिनिटांत ओसरतं. नायिका त्याच अवस्थेत उठून सावलीमागे जिना उतरली, की लेखकानं गृहपाठ केलेला नाही. भुतं बोलावायच्या बैठकीत टेबल आपोआप सरकतं, त्याचं उत्तर शास्त्रज्ञ फॅरेडेनं १८५३ मध्येच दिलं होतं: बसलेल्यांचे हातच ते नकळत ढकलतात.

मालिका असेल तर क्रमानंच वाचावी. तिसऱ्या भागाच्या मलपृष्ठावरचा मजकूर पहिल्या भागातला खुनी बिनदिक्कत सांगून टाकतो, आणि 'पात्रपरिचय' हे पान त्याहून घातक.

हलक्याफुलक्या भूत-रहस्यकथांत शेवटच्या प्रकरणामागे कथेतल्या केकच्या पाककृती छापायची पद्धत आहे. त्यांनाही वरचीच कसोटी लावावी: वजन ग्रॅममध्ये आहे का, भट्टीचं तापमान दिलंय का, साचा किती इंची. फक्त तिथे पोचताना उलगडा दिसू नये म्हणून कागदी पुस्तकात शेवटची वीसेक पानं आधी चिमट्यानं बांधून घ्यावीत. ई-बुकात अनुक्रमणिकेतून थेट पाककृतीवर उडी मारावी, मात्र प्रकरणांच्या नावांवर नजर जाऊ द्यायची नाही. 'बहिणीचा कबुलीजबाब' अशी नावं देणारे लेखकही आहेत.