गुफेच्या दऱ्या बसल्या! (१:५०, पुढचा टप्पा)

मंडळी, अहमदाबादच्या 'अमदावाद नी गुफा'चं, म्हणजे वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी चित्रकार एम. एफ. हुसेनच्या चित्रांसाठी उभारलेल्या घुमटांच्या कलादालनाचं, १:५० मापाचं मॉडेल मी करतोय, त्याच्या छताच्या दऱ्या बसल्या. दोन घुमट जिथे एकमेकांत उतरतात त्या खोलगट पट्टीवरचं मोझॅक वाळून दोन दिवस झाले आणि एकही तुकडा उचललेला नाही. म्हणून हा अपडेट लगेच.

सांगाडा तुम्ही पाहिलाच आहे. 'अमदावाद नी गुफा'चं मूळ छत फेरोसिमेंटचं, म्हणजे जाळी आणि वर मसाला, जाडी जेमतेम २५ मिलिमीटर. आपल्या मापात अर्धा मिलिमीटर. मी बारीक स्टीलची जाळी आणि वॉल पुट्टीचे पातळ हात देऊन पाऊण मिलिमीटरवर थांबलो, त्याखाली माझा हात जात नाही. तरी घुमटावर अंगठा दाबला तर हलत नाही! ताकद जाडीत नसून वक्रतेत आहे हे वाचलं कितीदा तरी होतं, बोटाला आत्ता कळलं. जाळीबद्दल एकच सांगतो: पुण्यातल्या बोहरी आळीत जा, हाताने चाचपून फुटावर कापून घ्या. ऑनलाइन मागवलेली घडी पडून आली, आणि जाळीची घडी कधीच जात नाही.

आता मोझॅक. मूळ छतावर टाकाऊ टाइल्स आणि फुटक्या क्रोकरीचे तुकडे आहेत. चार सेंटिमीटरचा तुकडा १:५०ला एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणून अंड्याची टरफलं (घरी भुर्जीला सगळे कंटाळलेत). फुगीर भागावर काहीच त्रास नव्हता. आतलं पापुद्र्याचं अस्तर सोलायचं, फेव्हिकॉलवर टरफल ठेवायचं, बोटाने दाबून फोडायचं. झकास भेगा पडतात.

दरीत मात्र सगळं फिसकटत होतं. तिथला पृष्ठभाग एका दिशेने फुगीर आणि दुसऱ्या दिशेने खोलगट. टरफल दोन्ही दिशांनी फुगीर. उलटं ठेवलं तर दोन्हीकडून खोलगट. म्हणजे कसंही ठेवा, एक बाजू भांडणारच. दाबलं की तुकडे सुटे होऊन टुणकन उडायचे, चिमट्याने एकेक बसवावे तर गोंद आधी वाळायचा. कुणीतरी सुचवलेली कागदावर छापलेली मोझॅक मी ठामपणे नाकारली, तिला उजेडात चमकच नाही.

सुटलं ते अस्तर न सोलल्यामुळे. अस्तरासकट टरफल आधीच रबरी पॅडवर लाटून फोडायचं. तुकडे अस्तराला धरून राहतात आणि अख्खी चकती गोधडीसारखी हवी तशी वाकते. पण फेव्हिकॉलमधलं पाणी अस्तर पितं, वाळताना आकसतं आणि कडा वर येतात. त्यामुळे दरीत पाण्याचा गोंद बाद. चपला चिकटवायचं सोल्युशन दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासं झालं की बसवा. वास भयंकर, खिडकी उघडी ठेवा. मग भेगांत पातळ पुट्टी, ओल्या स्पंजने पुसून.

हे करताना दोशींच्या छताकडे नव्याने बघायला लागलो. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर चायना मोझॅक असतं ते गळती आणि ऊन अडवायला, म्हणून त्याला आपण स्वस्तातला उपाय समजतो. गुफेवर ती दोन कामं आहेतच, पण अखंड टाइल या वळणावर बसूच शकत नाही. फोडलेलीच बसते. जिथे वळण घट्ट तिथे तुकडा लहान. कासवाच्या पाठीवरून आणि साबणाच्या फुग्यांवरून सुचलेला आकार, तो बसवायला संगणकाची मदत, आणि प्रत्यक्ष बांधणी साध्या हत्यारांनी, विशेष प्रशिक्षण नसलेल्या मजुरांच्या हातून. पुण्यात फर्निचरच्या धंद्यातल्या घरात वाढलेल्या माणसाला हाताच्या कामावर एवढा भरवसा असावा यात मला नवल वाटत नाही. २०१८ला दोशींना प्रित्झकर हा वास्तुकलेचा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या इंदूरच्या अरण्य या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या वसाहतीचंच कौतुक जास्त झालं, ते योग्यच, पण खोडकर दोशी भेटतात ते इथे.

पुढचा बेत खरं तर छत उचलून आतलं दाखवायचा होता. तो लिहिता लिहिता रद्द करतोय. आतले वेडेवाकडे खांब आणि छत हे एकच सलग कवच आहे. छत सुटं करायचं तर खांब कापावे लागतील, मग ती गुफा राहणार नाही. त्याऐवजी तळाच्या बोर्डला मोबाइलची लेन्स जाईल एवढं भोक पाडतो. छतावरच्या नळकांड्यांतून मूळ गुफेत उजेडाचे गोल पडतात आणि दिवसभर सरकतात. माझ्या नळकांड्या रिकाम्या बॉलपेनच्या आहेत, वरून टॉर्च फिरवला की तेच व्हायला हवं. हुसेनची भिंतींवरची चित्रं मी काढणार नाही, या मापात त्यांचं व्यंगचित्र होईल.

राहिला मूळ छतावर आहे तो काळा नाग. टरफल काळ्या शाईत बुडवून मग फोडलं तर तुकड्यांच्या कडा पांढऱ्या दिसतात. फोडून रंगवलं तर शाई अस्तरातून शेजारच्या पांढऱ्यात पसरते. सध्या विचार असा की आधी रंगवायचं आणि नागाच्या पट्ट्यापुरत्या पुट्टीत काळा ऑक्साइड मिसळायचा, म्हणजे कडा झाकल्या जातील. पण तो ऑक्साइड पुसताना आजूबाजूला लागणारच. मास्किंग टेप मोझॅकवर लावून काढताना तुकडे उपटून आल्याचा अनुभव कुणाला असेल तर आत्ताच सांगा. शनिवारी टाकाऊ घुमटावर करून बघतोय.