आमची वाटचाल: आधी आकृती, मग पान

वेबसाइटचं काम हाती आलं की आमच्याकडून ग्राहकाला पहिल्यांदा मिळतो तो साइटमॅप, म्हणजे कुठलं पान कशाखाली येतं ते दाखवणारी आकृती: पांढऱ्या कागदावर काळ्या चौकटी आणि रेषा, बस्स. रंग नाही, फोटो नाही. रंग दिसला की बैठक रंगावरच संपते, म्हणून हा नियम आम्ही कसोशीने पाळतो.

या पद्धतीकडे आम्ही वळलो ते अमेरिकी वेब-रचनाकार जेसी जेम्स गॅरेट यांच्या, वेबसाइटची रचना रेखाटण्यासाठीच्या चिन्हसंचामुळे. २००० साली त्यांनी तो मांडला. पानासाठी चौकोन, डाउनलोड होणाऱ्या फाइलसाठी कोपरा दुमडलेला कागद, निर्णयासाठी हिरा, दिशेसाठी बाण. ही चिन्हं कुठल्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नाहीत, फळ्यावर हाताने काढता येतात. बैठकीत ग्राहकाच्या हाती मार्कर देता येतो, हे आमच्यासारख्या छोट्या टीमला फार मोलाचं वाटलं.

त्याचा खरा कस लागला तो एका शिक्षणसंस्थेच्या कामात. प्रत्येक विभागाला मुख्य मेन्यूत जागा हवी होती. मजकुराची यादी सगळ्यांनी वाचली होती, कुणालाच काही खटकलं नव्हतं. आकृती भिंतीवर लागली आणि फीची माहिती प्रवेश, लेखा आणि अभ्यासक्रम अशा तीन फांद्यांवर लटकलेली दिसली. विद्यार्थ्याने विश्वास कुठल्या पानावर ठेवायचा? मग वाद विभागांच्या मानाचा उरला नाही. फीचं पान एकच ठेवायचं आणि बाकी ठिकाणांहून तिथे दुवा द्यायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

तेव्हापासून चौकटीत ‘पान ४’ असं न लिहिता मेन्यूत दिसणारे नेमके शब्द लिहितो. शेजारी क्रमांक असतो, तोच पुढे वायरफ्रेमवर (पानाच्या कच्च्या आराखड्यावर) आणि मजकुराच्या तक्त्यात येतो. रचना आणि वापरकर्त्याचा प्रवास मात्र एकाच कागदावर कोंबत नाही. लॉगिन केलेला माणूस कुठे जातो आणि न केलेला कुठे, हे वेगळ्या आकृतीचं काम.

आकृती नीटनेटकी दिसली म्हणून माहिती सापडेलच असं नाही. म्हणून नुसता मेन्यू शब्दांत लिहून बाहेरच्या लोकांपुढे ठेवतो आणि विचारतो, ‘परीक्षेचा निकाल कुठे शोधाल?’ ते चुकीच्या फांदीवर गेले तर दोष आम्ही लेबलचा मानतो.

अलीकडे पानांची झाडासारखी मांडणीही अपुरी पडते. एकच अभ्यासक्रम वेबसाइटवर, अ‍ॅपमध्ये आणि शोधनिकालात तीन रूपांत दिसतो. त्यासाठी आम्ही १९७६ साली संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी मांडलेल्या एंटिटी-रिलेशनशिप आकृतीकडे वळलोय: अभ्यासक्रम, शिक्षक, तुकडी या वस्तू आणि त्यांच्यातली नाती. ग्राहकाला ही आकृती साइटमॅपपेक्षा जड जाते, म्हणून सध्या ती आधी त्यांच्याच एका खऱ्या अभ्यासक्रमाची माहिती भरून दाखवतो.