तुम्ही विचारलंत म्हणून: मूल अडलं तरी ताई नुसत्या बघत का बसतात?

"पोर एवढं धडपडतंय आणि तुम्ही नुसत्या बघताय?" बालवर्गाच्या दारात उभे असलेले आईबाबा मला हे कितीदा तरी विचारतात. कधी काळजीने, कधी जरा रागाने. प्रश्न रास्त आहे.

परवा चार वर्षांची एक मुलगी स्वेटरचं बटण लावत होती. ती बटण काजात दाबायची, ते अर्धं आत जायचं आणि बोट सुटलं की परत बाहेर. असं पाच-सहा वेळा झालं. मी शेजारीच होते, हात शिवशिवत होते. पण तिची नजर बटणावरून हटली नव्हती, ओठ घट्ट मिटलेले होते. म्हणजे तिचं अजून चाललं होतं. शेवटी मी काजाची कड चिमटीत धरून जराशी ताणली, बस. बटण तिनेच पलीकडून ओढून घेतलं. पुढच्या बटणाला तिने दुसऱ्या हाताने कापड आपणहून ताणून धरलं! मी लावून दिलं असतं, तर तो दुसरा हात लोंबकळतच राहिला असता.

१९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला होता. मोठ्या माणसाच्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. बांधकाम चालू असेतो परांची हवी, पुढे ती उतरवायची. बांधण्यापेक्षा उतरवणं मला अजूनही जड जातं.

बोलण्यातही तेच. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी शाळेच्या वर्गांत पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. तीन सेकंद मनात मोजून बघा, फार लांब वाटतात.

अर्थात थांबायचं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडायचं नाही. नजर भिरभिरायला लागली, रडू दाटून आलं, मूल दमलेलं किंवा भुकेलेलं असलं, की मी पुढे होते. लागण्यासारखं काही दिसलं तर क्षणभरही थांबत नाही. आणि चुकतेही. एकदा एका मुलाचा ठोकळ्यांचा पूल पडायला आला, म्हणून मी खालून एक ठोकळा सरकवला. पूल राहिला, पण तो उठून गेला. त्या दिवशी ठोकळ्यांकडे फिरकलाच नाही. तो पूल कुठून पडतो हेच बहुधा त्याला बघायचं होतं. ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हा न्यायला याल, तेव्हा बूट घालायला लेकराला पाच मिनिटं द्या. उजवा-डावा उलटा झाला तरी असू द्या. चार पावलं चालून मुलं आपणच थांबतात आणि पायांकडे बघतात, मी रोज पाहते.