अप-डाऊन करणाऱ्या गुरुजींचा बीपी

मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळांतले बरेच गुरुजी आणि बाई आरोग्य खात्याच्या कुठल्याच वहीत सापडत नाहीत. राहायला केज, अंबाजोगाई नाहीतर कळंब आणि शाळा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावात. तीस वर्षांपुढच्या लोकांचे फॉर्म भरायला आशाताई दारोदार जाते ती दिवसा, तेव्हा घराला कुलूप. शाळेच्या गावात हे रहिवासी नाहीत, म्हणून तिथल्या उपकेंद्राच्या यादीतही नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी चालते तेव्हा हे एकतर गाडीवर असतात नाहीतर वर्गात. मग बीपीची गोळी एकदा संपली की संपलीच.

आसपासच्या गावांतल्या शाळांचं मिळून शिक्षण खात्याचं एक केंद्र असतं. त्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका जागी भेटतात ते महिन्याच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी. केज तालुक्यातल्या एका केंद्राच्या परिषदेला म्हणून आम्ही बीपीच्या मशिनी आणि शुगरच्या स्ट्रिप घेऊनच गेलो. मी उपकेंद्राची सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. सोबत वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, लॅबवाले आणि दोन आशाताई होत्या. समोर सत्तर-ऐंशी माणसं.

एवढ्या लोकांना दोन बीपी मशिनी पुरतात का, असं केंद्रप्रमुखांनी विचारलं. पुरतात, पण खुर्च्या नीट लावाव्या लागतात. एका माणसाची दोन रीडिंग घ्यायला साधारण तीन मिनिटं लागतात. त्याआधीची पाच मिनिटं त्यानं गप्प बसायचं असतं, आणि ती पाच मिनिटं मशिनीपाशी घालवली तर रांग दुपारपर्यंत हलत नाही. म्हणून मशिनीच्या आधी पाठ टेकता येईल अशा सहा खुर्च्या. पुढचा उठला की मागचा सरकतो आणि मशिनीपाशी येईपर्यंत त्याचा दम बसलेला असतो. या हिशेबानं दोन मशिनींवर ऐंशी माणसं दोन-सव्वादोन तासांत होतात. बोटाला सुई टोचायचं टेबल सगळ्यात शेवटी ठेवायचं. आधी टोचलं तर त्या धास्तीनंच बीपी चढतो.

सुरुवातीला नेमकं उलटं झालं. परिषद सुरू व्हायच्या आत उरकून टाकू म्हणून मंडळी गाडी लावून थेट टेबलाला भिडली. हातात चहाचा कप, माईकवर सूचना, मागून "सर, तुमचा किती आला?" पहिल्या आठ-दहा जणांत जवळजवळ प्रत्येकाचा वरचा आकडा दीडशेच्या पुढं. एवढे सगळे एकदम आजारी नसतात. अशा वेळी हात थांबवायचा. ते सगळे कागद बाजूला ठेवून त्यांना पुन्हा खुर्च्यांवर बसवलं.

काय काय आकडा वाढवतं ते इथं सांगून टाकते, कारण घरी मशीन घेणाऱ्यांनाही हेच नडतं. चहा, तंबाखू किंवा बिडी अर्ध्या तासाच्या आत घेतलेली नको. लघवी तुंबलेली नको. अप-डाऊनवाल्यांनी तर उतरल्यावर आधी तिकडं जाऊन यावं. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. लटकता हात आकडा वाढवून दाखवतो. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही, आणि बाही वर सरकवून दंडाला आवळत असेल तर सदऱ्यातून हात काढायचा. मोजताना बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोन रीडिंग घ्यायची आणि सरासरी धरायची.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पट्ट्याच्या मापाकडं. मशिनीसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड ३५ चा आणि पट्टा तोच, की आकडा खोटा वाढतो. शिंप्याची टेप जवळ ठेवून दंड मोजला आणि जाड दंडांना मोठा पट्टा लावला. नीट बसवून, मापाच्या पट्ट्यानं, गप्प राहून मोजल्यावर त्या पहिल्या घोळक्यातले निम्म्याहून जास्त जण १४० बाय ९० च्या आत आले. उरले ते खरे. त्यांना बीपी आहे असं त्याच दिवशी सांगून टाकायचं नसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं असतं. आकडा फारच मोठा असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसा एक निघाला.

पन्नाशी ओलांडलेले मुख्याध्यापक. दोन शिक्षकी शाळा, त्यात ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, म्हणजे घरी जायला रात्रच. शांत बसलेले, कसलीही तक्रार नाही. मशीन म्हणाली २०८ बाय ११६. पट्टा बदलला, हात बदलला, पुन्हा पाच मिनिटं बसवलं. २०२ बाय ११४.

इतक्या बीपीत पहिला प्रश्न आकड्याचा नसतो, शरीरात कुठं इजा होतेय का याचा असतो. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, डोकं फुटल्यासारखं दुखतंय का, अंधुक दिसतंय का. मग हसायला लावलं, तोंड एका बाजूला जातं का पाहायला. दोन्ही हात समोर धरायला लावले, एक खाली येतो का पाहायला. एक पूर्ण वाक्य बोलून घेतलं. यातलं एकही बिघडलेलं असतं तर तिथल्या तिथं १०८ ला फोन. सरांचं सगळं ठीक होतं.

"मला काय धाड भरलीय? दोन भाकरी खाऊन आलोय," सर म्हणाले. तेवढ्यात शेजारच्या गुरुजींनी खिशातून पाकीट काढलं, "ही माझी गोळी घ्या, जिभेखाली ठेवा, दहा मिनिटांत उतरतो."

प्रेमानं दिलेली ही गोळी घातक ठरू शकते. बीपी बरेच दिवस चढलेला असला की मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्या दाबाची सवय झालेली असते. तो झटक्यात खाली आणला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं, आणि जो लकवा टाळायचा तोच ओढवू शकतो. जिभेखाली गोळी ठेवून किंवा कॅप्सूल फोडून बीपी उतरवायची जुनी रीत डॉक्टरांनी म्हणूनच सोडली. लक्षणं नसतील तर तो सावकाश, एक-दोन दिवसांत उतरवायचा असतो. डॉक्टरांनी त्यांना अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी पाण्याबरोबर गिळायला दिली आणि परिषद संपायची वाट न बघता केजच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. गाडीची किल्ली मागून घेतली. एका शिक्षकानं त्यांना चारचाकीतून नेलं.

जाण्याआधी दोन प्रश्न विचारले, ते प्रत्येक वेळी विचारायला हवेत. आधी गोळी चालू होती का? होती. बीपी नॉर्मल आला म्हणून बंद केली. नॉर्मल आला तो गोळीमुळं आला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरा प्रश्न, अंगदुखीची गोळी घेता का? रोजच्या पन्नास किलोमीटरच्या गाडीनं कंबर धरायची, म्हणून ते मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घ्यायचे, जवळजवळ रोज. या जातीच्या पेनकिलर शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, वर किडनीला त्रास देतात. मोटरसायकलवर अप-डाऊन करणाऱ्यांत कंबरदुखी आणि बीपी ही जोडी इतकी दिसते, की दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय मी बीपीचा कागद पुढं सरकवत नाही.

शुगरच्या टेबलावरही एक आकडा दचकवणारा आला. एका बाईंची शुगर २८७. आदल्या महिन्यात त्यांची तपासणी नॉर्मल होती, त्यांचा चेहरा उतरला. लॅबवाल्यांनी विचारलं, "मॅडम, आत्ता काय खाल्लं?" परिषदेत केळी वाटली होती. बोटाला केळ्याचा चिकटा राहिला की थेंबात तीच साखर उतरते, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं ती नीट निघत नाही. साबणानं हात धुतले, पुसून कोरडे केले, दुसऱ्या बोटाचा पहिला थेंब पुसून दुसरा घेतला. ११८. हात ओले राहिले तर उलट आकडा कमी दाखवतो, म्हणून कोरडं करणंही तितकंच महत्त्वाचं. स्ट्रिपची डबी घट्ट बंद आणि सावलीत हवी. बहुतेक कंपन्या ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात, आणि मराठवाड्याच्या मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ते होत नाही. खाऊन आलेल्यांपैकी ज्यांची १४० च्या वर आली त्यांना उपाशीपोटी तपासणीची तारीख दिली. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, तेही दोनदा, म्हणजे मधुमेह.

तोंडाच्या तपासणीला बॅटरी आणि स्वतःची तीन बोटं पुरतात. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील, चटणी-ठेच्यानं तोंडाची आग होत असेल, तर सुपारी-गुटख्यानं गालाची आतली कातडी आखडायला लागलेली असू शकते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम दिसली तर थेट दंतवैद्यक किंवा कान-नाक-घसा विभाग. कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि त्याच शाळेत गुरुजींच्या खिशात पुडी असते. त्यांना रागावून काही होत नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणाऱ्या मदतीचा मोफत नंबर चिठ्ठीवर लिहून दिला.

बाईंसाठी वेगळी खोली मागितली होती, ती मिळाली, म्हणून बोलणं झालं. लघवीची जळजळ वारंवार होते असं एकीनं सांगितलं आणि मग बऱ्याच जणींनी. कारण एकच, शाळेत लघवीला जाणं नको म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. शौचालय असतं, पण कडी नाही, पाणी नाही, किंवा किल्ली सापडत नाही. अशा जागी औषध देऊन भागत नाही, दर महिन्याला तेच दुखणं परत येतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. कडी, बादली, मग आणि टाकीपासून नळ एवढं त्यात बसतं. हे डॉक्टरांनी खोलीबाहेर येऊन तिथं हजर असलेल्या मुख्याध्यापकांच्या समोरच सांगितलं, कुणाचं नाव न घेता.

पत्रकावर "शिक्षकांची आरोग्य तपासणी" असं छापलं होतं, म्हणून खिचडी रांधणाऱ्या मावश्या मागच्या खोलीतच राहिल्या. बोलावलं तर "आमचं काय बघता" म्हणत आल्या. एकीचं हिमोग्लोबिन ७.४. बाईचं १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र. पातेलं उचललं की धाप लागते, हे तिला वयाचं वाटत होतं. पाळीत अंगावरून फार जातं, हे तिनं सिस्टरला हळूच सांगितलं. तिथं नुसती लोहाची गोळी देऊन पाठवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग ओपीडीची चिठ्ठी दिली आणि एक आशाताई सोबत जाईल असं ठरवलं. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची, हे दोनदा सांगितलं. चहा लोह अंगी लागू देत नाही.

दुपारी एका कार्यालयातून निरोप आला, नावानिशी सगळ्यांच्या बीपी-शुगरची यादी ग्रुपवर टाका. ती दिली नाही. कुणाला काय आजार आहे हे वरिष्ठांनी आणि शंभर सहकाऱ्यांनी वाचायची गोष्ट नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी ज्याला खरंच बीपी आहे तोच रजा टाकतो. आम्ही फक्त बेरीज दिली, तपासले किती आणि पुढं पाठवले किती. ज्याचा आकडा त्याच्या हातात, घडी घातलेल्या चिठ्ठीवर. झोप लागत नाही, कशात मन लागत नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्या चिठ्ठीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर होता. तो फोन केल्याचं शाळेला कळत नाही, हेही सांगितलं. त्या एका वाक्यानं काहीजण थांबून पुन्हा बोलले.

आता नोंदवही घरांच्या क्रमानं नाही, शाळांच्या क्रमानं ठेवली आहे. एका शाळेला एक पान, त्यात गुरुजी, बाई, मावश्या सगळे. बीपीची गोळी तीस दिवसांची मिळते आणि परिषदही महिन्याला असते, म्हणून पाकिटं त्या दिवशी तिथंच द्यायची आणि बीपी तिथंच पुन्हा बघायचा. परिषद पुढं ढकलली तर सीएचओनं त्या आठवड्यात शाळेत जायचं, नाहीतर मध्ये खंड पडतो. त्या मुख्याध्यापकांच्या ईसीजीत हृदयाची डावी बाजू जाड झाल्याच्या खुणा निघाल्या, लघवीत थोडं प्रोटीनही होतं. दोन गोळ्यांवर ते पुढच्या परिषदेला १४६ बाय ९० होते. डायक्लोफिनॅक बंद आहे, कंबरेसाठी फिजिओथेरपीचे व्यायाम चालू आहेत, किडनीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची असं त्यांच्या पानावर लाल शाईनं लिहिलं आहे.