बँडचा किल्ट: मागच्या चुण्या बसल्या

मागच्या नोंदीत आमच्या पाइप बँडच्या (बॅगपाइप आणि ढोलांचा बँड) किल्टचं, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यासारख्या पोशाखाचं, नुसतं कापड आलं होतं. आता मागच्या सगळ्या चुण्या शिवून झाल्यात आणि काम खऱ्या अर्थाने किल्टसारखं दिसू लागलंय.

कापड १६ औंसांचं (एका यार्डाचं वजन), लोकरीचं. १३ औंसांचं उन्हाळ्यात सुखाचं असतं, पण संचलनात चुण्यांना जो झोका हवा तो जड कापडच देतं. दुहेरी पन्ह्याचं ४ यार्ड घेऊन मधोमध लांबीत फाडलं, की ८ यार्ड मिळतात. जोड एका चुणीच्या आत लपतो. खाली कापडाचा मूळ काठच येतो, त्यामुळे दुमड नाही, शिलाई नाही, चुणी टोकापर्यंत मोकळी.

चुण्या घालायच्या दोन रीती. एकीत टार्टनची, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यांची, नक्षी मागेही अखंड दिसते. दुसरीत प्रत्येक चुणीच्या मधोमध एकच रेघ येते. ही लष्करी रीत. गॉर्डन हायलँडर्स या जुन्या स्कॉटिश रेजिमेंटच्या किल्टची मागे ओळीने दिसणारी पिवळी रेघ तुम्ही फोटोंत पाहिली असेल. १७४६ च्या ब्रिटिश कायद्याने हायलँडच्या (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या) पोशाखावर बंदी आली आणि १७८२ मध्ये ती उठली. मधल्या काळात सैन्याला मात्र सूट होती. पाइप बँडच्या गणवेशावर रेजिमेंटांची छाप आजही आहे.

ग्लासगोतल्या आमच्या बँडचं टार्टन हिरवं-निळं, त्यात पांढरी रेघ. मी रेघेची रीत घेतली, आणि बँडसाठी तीच योग्य असं माझं ठाम मत आहे. स्पर्धेत आपण आत तोंड करून गोल उभे राहतो. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीन या मैदानावर पाइप बँडच्या जागतिक स्पर्धेला जमलेल्या लोकांना बराच वेळ आपल्या पाठीच दिसतात, म्हणजे चुण्याच. उभं असताना पांढऱ्या रेघांची रांग. पाऊल पडलं की आतला हिरवा-निळा उघडतो आणि मिटतो. शिवाय वादक जाड असो की बारीक, पाठीमागून सगळे एकसारखे दिसतात.

माझ्या मापात २७ चुण्या बसल्या. प्रत्येकीत नक्षीची एक पूर्ण आवृत्ती, सुमारे ७ इंच कापड, दुमडून आत जातं. बाहेर दिसते ती जेमतेम पाऊण इंच. कमरेकडे तीच चुणी साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) अरुंद करत न्यायची. हे सगळ्यात नाजूक काम. दर चुणीत अर्धं सूत जरी फरक पडला, तरी २७ चुण्यांत मिळून दीड इंचाच्या वर जातो. म्हणून मी दर पाच चुण्यांनंतर टेप लावत गेलो. टाके हातानेच, अगदी बारीक, आणि आडव्या रेघा शेजारच्या चुणीशी जुळल्याशिवाय पुढचा टाका नाही. मशीनखाली जड कापड सरकतं आणि रेघा हलतात.

पाइप वाजवणाऱ्यांसाठी एक सांगतो: कमरेचं माप पोटात हवा भरून घ्या. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो आणि आपल्याला फुंकायचं असतं.

आता आतलं जादा कापड कापून कॅनव्हास लावायचा, मग अस्तर. चुण्यांचे कच्चे टाके ओल्या फडक्यावरून शेवटची इस्त्री होईपर्यंत काढणार नाही. मग कमरेला बांधायचे पट्टे: उजवीकडे दोन, डावीकडे एक. डावीकडच्यासाठी कापडात फट ठेवायची आहे. ती फट काठाला न उसवता पक्की कशी करता, हे कुणी केलं असेल तर फोटोसकट कळवा.