असामान्य, पण बिननावाची

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा ईबी-1ए हा मार्ग 'असामान्य क्षमता' असलेल्यांसाठी आहे. कंपनीची मध्यस्थी लागत नाही, अर्ज आपला आपणच करायचा. दहा निकषांपैकी किमान तीन दाखवायचे. माझे होते शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचं परीक्षण आणि क्षयरोगाच्या औषधप्रतिकारावरचं मूळ काम. जानेवारी 2022 मध्ये आय-140 (पात्रतेचा अर्ज) आणि आय-485 (प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज) एकदमच भरले, कारण तेव्हा ईबी-1 मध्ये भारतीयांना रांग नव्हती. लवकर निकालासाठी प्रीमियमचे 2,500 डॉलर भरले आणि अकराव्या दिवशी मी असामान्य ठरले.

अडकलं ते जन्मदाखल्यावर.

एप्रिल 2023 च्या शेवटी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: दाखल्यावर बाळाचं नाव नाही, बारा आठवड्यांत पुरावा द्या. नाव असणार कसं? दवाखान्याने नोंद पाठवली तेव्हा बारसंसुद्धा झालं नव्हतं. कागदावर फक्त 'स्त्री'. वकील आधी म्हणाले होते, चालून जाईल.

बाबा नगरपालिकेत गेले. "काका, 1986 चं रजिस्टर बाइंडिंगला गेलंय." पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या आठवड्यात, "पंधरा वर्षांच्या आत नाव लावायला हवं होतं, आता वरून आदेश लागेल." वरून म्हणजे कुठून, ते कुणी सांगेना. बहात्तर वर्षांचा माणूस जूनच्या पावसात सहा खेपा घालत होता आणि मी इकडे रात्री दोनला फोनवर त्यांच्यावरच चिडत होते. त्याची अजून लाज वाटते.

शेवटी तो नाद सोडला. बिननावाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आत्या व मामाची प्रतिज्ञापत्रं जोडली. प्रतिज्ञापत्रात तारीख, गाव, आईवडिलांची नावं आणि 'मला हे कसं माहीत' हे लिहावंच लागतं. आत्याने 'मीच कानात नाव सांगितलं' असं लिहिलं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं! तुमचा दाखला आजच काढून बघा, निबंधांची उद्धरणं नंतर मोजा.

उत्तर जुलैच्या अखेरीस पोचलं. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, ते व्हिसा बुलेटिन हे पत्रक दर महिन्याला सांगतं. ऑगस्टच्या बुलेटिनने भारताची ईबी-1 ची तारीख मागे 1 जानेवारी 2012 वर नेली. फाईल थंड. मग वर्षभर दर महिन्याला बुलेटिन बघायचं, एवढंच काम. 2024 च्या उन्हाळ्यात तारीख 1 फेब्रुवारी 2022 पर्यंत आली आणि माझा नंबर लागला.

हो, परीक्षणाची प्रत्येक ईमेल जपून ठेवा. मी निम्म्या पुसल्या होत्या. आणि शिफारसपत्रं फक्त गाईडची नकोत, तुम्हाला केवळ कामावरून ओळखणाऱ्यांचीही हवीत.

कार्ड आल्याचं सांगायला फोन केला तर बाबा म्हणाले, "अगं, ते रजिस्टर आलंय म्हणे बाइंडिंगहून. जाऊ का उद्या?"